अत्तार सरांचं अधिक-उणे

पोहता येत नाही, होडीत बसलं की मळमळतं आणि ताटात मासा आला की ताट बाजूला सरकवायचं. असा माणूस तीस वर्षं सरकारात मासे मोजायची नोकरी करत होता, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, "जा बाबा, दुसऱ्या कुणाला तरी थापा मार." पण अत्तार सरांनी हे स्वतःच सांगितलं. तेही पहिल्याच भेटीत, माझ्याकडे प्यायला पाणी मागताना.

आमचं बोरखळी श्रीगोंदा तालुक्यात. गावाला लागून तलाव आणि तलावाच्या काठाला आम्हा भोयांची वस्ती. वस्तीतली बारावी झालेली सून मी एकटीच, म्हणून मच्छीमार संस्थेची सचिव मी. सचिव म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायचं, शिक्का सांभाळायचा आणि बाजाराच्या दिवशी श्रीगोंद्यात पाटी घेऊन मासे विकायचे. तिसरं काम सचिवाचं नाही, पण ते मी केलं नाही तर कोण करणार?

त्या दिवशी बंधाऱ्यावर हा माणूस उभा. पांढरा शर्ट आत खोचलेला, हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी, डोक्यावर केस नाहीत आणि कान हे एवढे मोठे. मला म्हणाला, "बाई, मध्यभागी पाणी किती खोल असेल?"

माझं डोकं त्या दिवसांत ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "बुडायला पुरेल एवढं."

रागवायचं सोडून तो माणूस हसला. म्हणाला, "मला गुडघाभर पुरे. पोहता येत नाही ना." आणि मग पाणी मागितलं.

डोकं ठिकाणावर का नव्हतं, ते सांगते. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आमचा अख्खा तलाव मेला होता. तलावातून उसाला पाणी सोडलं, सोडलं, सोडतच राहिले. पाणी सोडायच्या मोरीजवळच्या खांबावर फुटांची पट्टी रंगवलेली आहे, तिच्यावर पाणी पाच फुटांवर आलं आणि एका सकाळी उठून पाहते तर सगळा काठ पांढरा. रोहू, कटला, मृगळ, सगळे पोटं वर करून पडलेले. आठ दिवस वस्तीत कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही, एवढा वास. पोरं मोठी होऊन हाताशी यावीत आणि जावीत, तसं झालं. निम्मी वस्ती दाराला कुलूप घालून पुण्याकडे बिगारीला गेली. आणखी एक असा उन्हाळा आला असता तर उरलेली निम्मीही गेली असती, आणि मग संस्था कुणाची आणि सचिव कशाची?

म्हणून अत्तार सर जेव्हा म्हणाले, "मी पाणी मोजू का तुमचं?" तेव्हा मी म्हटलं, "मोजा. मोजायला काही जात नाही." खरं सांगते, मला वाटलं, रिकामा म्हातारा आहे, दोन गुरुवार येईल आणि कंटाळेल.

नाव डॉक्टर यासीन अत्तार. नगरचेच. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. यांनी भौतिकशास्त्र घेतलं, त्यातही आवाजाचं. आवाज पाण्यातून कसा जातो, कशाला आपटून परत येतो, असलं काहीतरी. दक्षिणेत समुद्रकाठच्या एका संशोधन केंद्राला आवाजवाला माणूस हवा होता. मुलाखतीत विचारलं, "मासा कधी पाहिलाय का?" हे म्हणाले, "बाजारात. मेलेला." त्यांनी घेतलं. घरी आल्यावर आईने कपाळाला हात लावला, इतकं शिकून शेवटी मच्छी!

केंद्रात बाकी सगळे माशांचेच शास्त्रज्ञ. त्यांच्यात हे एकटे तारा-बटणांवाले. "तीस वर्षं तिथं होतो सचिवबाई, पण कुणाचा पंखा बंद पडला की आधी मला हाक. फिजिक्सवाला म्हणजे वायरमन, अशीच त्यांची समजूत होती." हे सांगताना त्यांना वाईट वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. उलट पंखे सगळे दुरुस्त केले, हे अभिमानाने सांगायचे.

मासा का खात नाही, हे आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, त्यांना विचारलंच. आत्याबाईंच्या मनात आलं की तोंडात आलंच. सर म्हणाले, "आक्का, तीस वर्षं कान लावून त्यांचं ऐकलं. ओळख झाल्यावर खाववत नाही." आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, "येडं हाय, पर गोड हाय."

दर गुरुवारी नगरच्या सावेडीहून यायचे. आधी रिक्षा, मग एसटी, मग फाट्यापासून चालत. पिशवीत चहाचा थर्मास, दोरी, थर्मामीटर आणि एक जुनं यंत्र. ते यंत्र भंगारात निघालेलं, यांनी घरी बसून जिवंत केलेलं. होडीत चढायच्या आधी ट्रकची फुगवलेली ट्यूब कमरेत अडकवायची. आमची चार वर्षांची पोरं पाण्यात सूर मारायची आणि हा डॉक्टर झालेला माणूस ट्यूब घालून होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसायचा. बरोबर अकराला सावेडीहून भाभींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन. सर फोन माझ्याकडे द्यायचे. "ट्यूब घातलीय का त्यांनी?" "घातलीय भाभी." "खरं सांगा." "आईशप्पथ." मगच फोन बंद व्हायचा.

आणि ते अधिक-उणे! तोच माणूस आणि तेच अधिक-उणे. कुठलाही आकडा तोंडातून एकटा बाहेर पडायचाच नाही. चहात साखर किती? "एक चमचा, अधिक-उणे अर्धा." एसटी कधी येईल? "साडेअकरा, अधिक-उणे वीस मिनिटं." आणि मेली यायचीही तशीच. आत्याबाईंना एकदा वय विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय ठावं. दुष्काळात जल्मले. कंचा दुष्काळ, त्ये आईला ठावं, आन् आई गेली." सरांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, दाताकडे पाहिलं, म्हणाले, "पंच्याहत्तर, अधिक-उणे पाच." आत्याबाईंनी लगेच ठरवून टाकलं, "मग पाच उनेच धरा मास्तर."

मला मात्र सुरुवातीला त्या शब्दाचा भारी राग यायचा. बाजारात उभी राहणारी बाई मी. गिऱ्हाइकाला भाव सांगताना जीभ जराशी अडखळली तरी ते वीस रुपये पाडतं. मी म्हणायचे, "सर, एक आकडा सांगा की ठणकावून!" ते म्हणायचे, "ठणकावून सांगता येतं, सचिवबाई. खरं असेलच असं नाही."

ते यंत्र काय करतं, हे वस्तीला समजावणं हाही एक सोहळाच झाला. बंधाऱ्यावर सगळे जमले. सर म्हणाले, "विहिरीत वाकून हाक मारली की आपलीच हाक परत येते ना? हे यंत्र पाण्यात हाक मारतं. तळाला लागून आली तर उशिरा येते, मधे मासा असेल तर लवकर येते."

आत्याबाई म्हणाल्या, "आन् मासा वळखू येतो व्हय त्याला? का नुसतंच कायतरी हाय म्हनतं?"

सर म्हणाले, "आक्का, नोकरीतली तीस वर्षं मी याच प्रश्नावर घालवली."

आणि याच प्रश्नावर ते आपटले. दिवाळीच्या पुढेमागे एका गुरुवारी यंत्राने मधल्या अंगाला भलताच मोठा ढग दाखवला. पडद्यावर नुसती गर्दी. सर पडद्याला नाक लावून बसलेले, मळमळसुद्धा विसरले. आमचे चेअरमन, म्हणजे माझे चुलत दीर रंगनाथभाऊजी, होडीतच उभे राहिले. "लई मासा हाय! वाचलाय मासा!" गेल्या उन्हाळ्यानंतर असलं काही ऐकायला कान आसुसले होते आमचे. सर म्हणत होते, "थांबा, मासाच आहे असं नाही, शक्यता आहे..." पण ते ऐकायला कोण थांबतंय. आत्याबाई काठावरून ओरडत होत्या, "आरं, तितं जुनं बाभूळबन हाय, पान्याखाली!" त्यांचंही कुणी ऐकलं नाही. चार घरांची जाळी एकाच वेळी टाकली.

मासा एक आला नाही. बुडालेल्या बाभळींच्या फांद्यांवर जाळी अशी अडकली की ओढून काढेपर्यंत चिंध्या. आत्याबाईंचं बरोबर होतं. कुजलेल्या झाडांतून बुडबुडे वर येतात आणि यंत्राला ते माशांसारखे दिसतात, हे सर नंतर म्हणाले. तोंड एवढंसं झालेलं. आमच्या वस्तीत जाळ्याबाबत एक चाल आहे. ज्यानं फाडलं त्यानं सांधायचं, मग तो चेअरमन असो नाहीतर पाव्हणा. भाऊजी ओशाळून म्हणाले, "न्हाई न्हाई, सरांना न्हाई लागू." सरांनी विचारलं, "काय लागू नाही?" मला गप्प बसता येत नाही. मी सांगितलं.

पुढच्या गुरुवारी आले ते यंत्र न घेता. बंधाऱ्यावर आत्याबाईंसमोर मांडी घातली आणि म्हणाले, "आक्का, शिकवा."

चार गुरुवार बसले. बांबूची सुई, नायलॉनचा दोरा आणि ती बोटं. घड्याळजीचा मुलगा असून जाळ्याची गाठ काही केल्या जमेना. एक घर मोठं, एक बारीक, गाठ भलत्याच बाजूला. आत्याबाई ओरडायच्या, "आरं मास्तरा, यातून मासा जाईल न् येईल बी!" आणि सर मान खाली घालून उसवायचे, परत घालायचे. मी शेजारी बसून लसूण सोलत होते. तिसऱ्या गुरुवारी, सुई हातात तशीच ठेवून, ते बोलले.

"आक्का, मी याआधी एक फार मोठं जाळं फाडलंय. ते नाही सांधता आलं."

नोकरीतली गोष्ट होती. तरुण होते तेव्हाची. जहाजावरून महिनोन्महिने फिरून त्यांनी एका जातीच्या माशाचा अंदाज काढला होता, समुद्रात किती असेल याचा. फार मोठा आकडा निघाला. त्याच्यापुढे त्यांनी अधिक-उणेही लिहिलं होतं, आणि ते उणेही तितकंच मोठं होतं. कारण माशाची हाक कशी ओळखायची याचं गणित त्यांनी थंड समुद्रातल्या दुसऱ्याच माशावरून घेतलं होतं. वरच्यांनी अहवालातून आकडा उचलला आणि अधिक-उणे टाकून दिलं. तेवढ्या आकड्यावर बोटी बांधल्या गेल्या, मोठ्या मोठ्या. दोन-तीन वर्षं जाळी भरभरून आली. मग रिकामी यायला लागली.

"तुमची काय चूक?" मी म्हटलं. "तुम्ही लिहिलं होतं की."

"लिहिलं होतं. पण सभेत माझ्यासमोर नुसता आकडा वाचला गेला, सचिवबाई. मी तिथंच बसलो होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मला त्याच महिन्यात बढती मिळणार होती. मी बसून राहिलो."

पुढे त्या बंदरावर गेले तर एक बाई रिकाम्या पाटीपुढे बसलेली. धंदा नाही, पण सवय सुटत नाही म्हणून येऊन बसते म्हणाली. हे सांगताना त्यांनी माझ्या बाजाराच्या पाटीकडे पाहिलं, आणि मला लसूण सोलता येईना. आत्याबाईंनी त्यांच्या हातातली सुई घेतली, एक गाठ स्वतः घातली आणि परत त्यांच्या हातात दिली. म्हणाल्या, "आता ह्यो घाल."

तेव्हापासून मी अधिक-उणेला हसणं कमी केलं. बंद नाही केलं.

हिवाळाभर त्यांनी पाणी मोजलं. दर दोन फुटांवर थर्मामीटर बांधलेली दोरी सोडायची, बाटलीत पाणी भरायचं, त्यात थेंब टाकून रंग बघायचा. माशाला श्वास घ्यायला पाण्यात किती हवा उरते, हे त्या रंगावरून कळतं म्हणे. पाणी उथळ झालं की तापतं, तापलं की हवा धरत नाही, आणि पहाटे ती सगळ्यात कमी असते. म्हणून दोन-तीनदा आमच्याकडे मुक्काम करून पहाटे होडीत बसले, कानटोपी आणि ट्यूब दोन्ही घालून. प्रश्न एकच होता. उसाला पाणी सोडताना पट्टीवर कितव्या फुटाला मोरी बंद केली तर मासा जगेल?

फाल्गुनात उत्तर आलं. "नऊ फूट. अधिक-उणे दीड."

तलावाच्या पाणी कमिटीची सभा चार दिवसांवर होती. कमिटीत सगळे ऊसवाले, आमचे चेअरमन एकटे. एक फूट पाणी म्हणजे उसाला पाणी द्यायची अर्धी पाळी, ते कोण सुखासुखी सोडणार? मी सरांना म्हटलं, "सभेत बारा सांगा. घासाघीस होऊन नवावर येईल. बाजारात असंच असतं."

"बारा खरं नाही."

"खऱ्याचं काय लोणचं घालायचंय? मासे वाचायला हवेत की नको?"

ते शांतपणे म्हणाले, "या वर्षी वाचतील. पुढच्या वर्षी कुणीतरी अकराला पाणी आणेल आणि मासा मरणार नाही. मग खरा आकडाही कुणी ऐकणार नाही."

माझं डोकं फिरलं. मी नको ते बोलले. "तुमचं काय जातंय? तुमची पेन्शन चालू आहे. आमच्या पोटावर पाय देऊन खरेपणा मिरवा तुम्ही!" चहा गाळून ठेवलेला होता, तो त्यांनी घेतला नाही. पिशवी उचलली आणि फाट्याकडे चालू लागले. मी हाकही मारली नाही.

आणि मी त्याहून मोठा शहाणपणा केला. सभेच्या आदल्या दिवशी कमिटीचे प्रमुख भानुदासकाका यांच्या वस्तीवर गेले. काका म्हातारे, तलावाच्या कडेला त्यांचा सहा एकर ऊस, त्यांच्या शब्दाबाहेर कमिटी नाही. त्यांना सांगून आले, "शास्त्रज्ञ बारा फूट म्हणतात."

सभा शाळेच्या खोलीत भरली. पाटबंधारे खात्याचे साहेब वही उघडून बसलेले. आमची वस्ती सगळी दारात उभी. सर उठले, कागद हातात, आणि नेहमी बोलायचे तसंच बोलले. नऊ, अधिक-उणे दीड.

भानुदासकाकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का गं मंगल? काल तर बारा म्हनत हुतीस."

खोलीतले सगळे वळले. धरणीमाय पोटात घे, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. सरांनीही पाहिलं माझ्याकडे. मला वाटलं, आता हे सांगणार की ही बाई खोटी आहे. ते म्हणाले, "काका, त्या घाबरल्यात. गेल्या उन्हाळ्यातले मेलेले मासे मी पाहिलेले नाहीत, त्यांनी पाहिलेत."

साहेब घाईत होते. म्हणाले, "आमच्या रकान्यात एकच आकडा बसतो. नऊ उणे दीड, म्हणजे साडेसातलाही चालतंय असं सर स्वतःच म्हणतात. साडेसात लिहू?" ऊसवाल्यांनी लगेच माना डोलावल्या. साहेबांनी पेन टेकवलं.

सर खाली बसले होते ते परत उठले. चांगलं बोलता येणारा माणूस नव्हे तो. "थांबा," म्हणाले. "लिहू नका. एकदा एका सभेत माझ्यासमोर असंच अर्धं वाचलं गेलं होतं. मी गप्प बसलो. त्याने फार लोकांची घरं बसली. आज मी बसणार नाही. लिहायचं तर सगळं लिहा, नाहीतर माझं नाव त्या वहीत घालू नका." आणि खरंच बसले नाहीत. साहेब म्हणाले, "अहो, बसा सर." नाही बसले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, खांबाला धरून उभा.

काकांनी विचारलं, "बरं मास्तर, दीड वर न् दीड खाली. तुमचा सोताचा मासा असता तर मोरी कुटं बंद केली असती?"

"साडेदहाला."

"का?"

"काका, माझी चूक एका बाजूला झाली तर तुमचा ऊस पिवळा पडेल. पुढं पाणी मिळालं की तो फुटतो. चूक दुसऱ्या बाजूला झाली तर मासा मरेल. तो फुटत नाही."

काका साहेबांना म्हणाले, "लिवा साडेधा. ज्यो मानूस आपल्याच लोकांचं बारा खोटं पाडतो, त्याचं साडेधा खोटं नसनार." आणि मला म्हणाले, "तू लिव गं इतिवृत्त. सगळं लिव. आन् तुझं बारा बी लिव." मी लिहिलं. नऊ, अधिक-उणे दीड, साडेदहा आणि माझं बारा, सगळं लिहिलं. साहेबांनी पट्टी घेऊन वहीत एक जादा रकाना आखला.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "सचिवबाई, त्या दिवशीचा चहा राहिलाय." मी पदर तोंडाला लावून रडले. मग केला चहा.

वैशाखात पाणी साडेदहाला टेकलं आणि काकांनी स्वतः उभं राहून मोरी बंद करवली. त्यांचा कडेचा ऊस पिवळा पडलेला रस्त्यावरून दिसायचा. मी बाजाराला जाताना तिकडे बघायचं टाळायचे. उन्हाने पाणी आणखी उतरलं, दहाच्याही खाली. मग पहाटे मासे वर यायला लागले, तोंडं पाण्याबाहेर काढून धापा टाकत. सर आठवडाभर आमच्याकडेच राहिले. रोज पहाटे होडीत. पाचव्या दिवशी परत आले ते खुशीत. "सचिवबाई, माझा आकडा चुकला! नवाला धापा टाकतील म्हटलं होतं, दहाच्या आसपासच सुरू झालं. पण दीडच्या आत चुकला, दीडच्या आत!" स्वतःची चूक सापडली म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. दहा-बारा मासे मेले. बाकी सगळा तलाव जगला. मृग निघून पाणी चढलं तेव्हा पुण्याला गेलेली घरं एकेक करून कुलूप काढायला लागली. काकांचा ऊसही फुटला. पहिला मोठा कटला मी बाजारात न नेता त्यांच्या घरी पोचवला.

सर येतच राहिले. आता काम काही उरलं नव्हतं, पण गुरुवार म्हणजे बोरखळी. आत्याबाईंबरोबर जाळी सांधायची. गाठ अजूनही वाकडीच, पण सुटायची नाही. भाऊजींच्या जाळ्यात त्यांनी सांधलेला तुकडा आहे, ओढताना हाताला लागतो. त्या वर्षी तो तुकडा सोडून बाकी सगळीकडे फाटलं.

भाद्रपदातला शेवटचा गुरुवार. एक जाळं अर्धं झालं होतं. सर उठताना आत्याबाईंना म्हणाले, "हा कोपरा माझा. कुणाला हात लावू देऊ नका." मी त्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेले. एसटी आली. खिडकीजवळची जागा मिळाली. मी खालून विचारलं, "पुढच्या गुरुवारी नक्की ना?"

"नक्की," म्हणाले. आणि गाडी हलल्यावर डोकं बाहेर काढून, ते मोठे कान वाऱ्यात, ओरडले, "अधिक-उणे एक दिवस!" मी हसतेय की नाही हे बघायला वळणापर्यंत डोकं तसंच बाहेर होतं.

गुरुवारी आले नाहीत. फोन करावा असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, कारण त्यांनी एक दिवस मागून घेतला होता. आत्याबाईही तेच म्हणाल्या. शुक्रवारी मी दूध जास्तीचं घेतलं. दुपारपासून आत्याबाई ते जाळं मांडीवर घेऊन बंधाऱ्यावर बसल्या, तोंड फाट्याच्या रस्त्याकडे. सरांचा कोपरा सोडून बाकी सगळं सांधून झालं होतं.

संध्याकाळी भाभींचा फोन आला. सर गुरुवारी पहाटेच गेले होते, झोपेत. भाभी म्हणाल्या, "पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती हो त्यांनी."

मी फोन हातात घेऊन बंधाऱ्यावर गेले. कसं सांगावं कळेना. आत्याबाईंनी माझ्याकडे न बघताच हाताने पश्चिमेला दाखवलं. म्हणाल्या, "सूर्व्या अजून वर हाय की. दिस कुटं संपलाय?"

मी सूर्य बुडेपर्यंत त्यांच्याशेजारी बसून राहिले.